रिकाम्या बरण्या

टोपली वरून खाली आली तेव्हा नुहाद बाल्कनीत नवऱ्याचे, अनीसचे, सदरे वाळत घालत होती. वरच्या मजल्यावरून नणंदेची टोपली उतरावी यात नवल काहीच नव्हतं. जनरेटरवाला मोजकीच वीज द्यायला लागल्यापासून लिफ्ट बहुतेक वेळ बंदच असायची, आणि दोन घरांचा सगळा व्यवहार, पुदिन्याची जुडी म्हणा, वाटीभर लबने, घट्ट दही, म्हणा, अनीसची चुकून वर गेलेली औषधं म्हणा, या दोराला बांधलेल्या वेताच्या टोपलीतूनच चालायचा. आज मात्र टोपली खणखणत आली. आत काचेच्या बरण्या होत्या. धुतलेल्या, पुसलेल्या, झाकणं वेगळी फडक्यात बांधलेली, आणि रिकाम्या.

"हे काय आता?" नुहादने मान वर करून विचारलं.

"बरण्या." वदादचा चेहरा दिसत नव्हता. कठड्यावर नुसते दोन हात दिसत होते.

"बरण्या आहेत ते दिसतंय मला. रिकाम्या कशाला पाठवल्यास?"

"बाजारात वांगी आलीत. लागतील तुला."

"आणि तुला नाही लागणार?"

"काढून घे गं लवकर, हात भरून आलेत माझे."

नुहादने बरण्या काढल्या. टोपली झुलत वर गेली. काही वेळाने पुन्हा खाली आली, पुन्हा भरून, आणि तिसऱ्यांदाही आली. कपडे वाळत घालायचे राहिले. फरशीवर बरण्यांची रांग लागली आणि तिच्या मनात आपोआप सुरू झालं ते सुरू झालंच. शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. निदान दोन लिंबं तरी टाकतात आत. आणि वदादसारखी रीतीभातीची बाई, जिने नुहादच्या लग्नात कॉफीचे पेले कोणत्या बाजूने फिरवले यावरून महिनाभर तोंड वाकडं केलं होतं, ती चुकून रिकामी भांडी पाठवेल? मुळीच नाही. यात काहीतरी आहे. टोमणा असेल. तुझी वांगी दरवर्षी बुरसतात, घे बाई, निदान बरण्या तरी धड वापर. किंवा वर काही चाललं असेल. जागा मोकळी करतेय. वरचा मजला सासऱ्यांनी वदादच्या नावे केला होता, ती आहे तोवर तिचा आणि मग नुहादच्या मुलाचा, जादचा. कुणी भाडेकरू बघितला असेल. अनीसला आधीच माहीत असेल. भाऊ-बहीण दोघं मिळून ठरवतात आणि नुहादला सगळ्यांच्या शेवटी कळतं, हे काही आजचं नव्हतं.

संशय हा नुहादचा स्वभाव होता असं अनीस म्हणायचा, पण तिच्या मते तो तिचा धंदा होता. अर्धं आयुष्य ती शाळेत नाझिरा होती. वर्गात शिकवायचं नाही, मुलांवर नजर ठेवायची. पोट दुखतंय म्हणणाऱ्या मुलाच्या डोळ्यात बघून ती सांगायची की दुखतंय की गणिताची परीक्षा आहे. त्याआधी, तरुणपणी, लढाईच्या वर्षांत, तिचे वडील जिन्यावरची पावलं ऐकून ओळखायचे की येणारा आपला आहे की त्यांचा. दारावर थाप पडली की वडील दार न उघडता आधी विचारायचे, कोणत्या घरातला तू? कुठल्या गावचा? बाहेरचा सांगायचा आणि त्या उत्तरावरून आतल्यांनी गच्चीवर जायचं की तळघरात ते ठरायचं. नुहाद त्या वेळी दाराला कान लावून उभी राहायची. नाव, घर, गाव, एवढं कळलं की माणूस कळला, ही तिची समजूत तेव्हाची होती आणि आयुष्यभर ती फारशी चुकली नव्हती.

म्हणूनच खचलेल्या माणसांसाठीच्या हेल्पलाइनच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी ती जवळजवळ उठून निघाली होती. जुमाना, तिच्या जादपेक्षाही लहान, केस आखूड कापलेली डॉक्टरीण, फळ्यापाशी उभी राहून म्हणाली होती, "फोन करणाऱ्याचं नाव विचारायचं नाही. घर, गाव, काही विचारायचं नाही. तो जे सांगेल ते खरं मानायचं. आणि फोन आपण आधी ठेवायचा नाही. ज्याने केला तोच ठेवेल."

"आणि तो खोटं बोलत असेल तर?" नुहादने विचारलं होतं.

"तर खोटं बोलायला त्याने इथे फोन का केला, ते ऐकायचं, मदाम नुहाद."

बाकीचे हसले होते. नुहादला राग आला, पण ती राहिली. का राहिली हे तिने कुणाला सांगितलं नाही. शाळेतून ती निवृत्त झाली होती, जाद माँट्रियलला गेला होता आणि रविवारच्या रविवार फोनच्या पडद्यावर दिसायचा. घरात दिवसभर तिचा आवाज कुणाच्या कामाला येत नव्हता. घरी तिने सांगितलं, फ्रेंचची शिकवणी धरलीय, मंगळवारी आणि शुक्रवारी. कामाची जागा गुप्त ठेवायची हा नियम होता आणि असला नियम पाळणं तिला आवडण्यासारखं होतं. तिथे तिचं नावही वेगळं होतं. सल्मा.

सल्माचा आवाज नुहादला स्वतःलाच नवा होता. मऊ, संथ, कसलीच घाई नसलेला. कमील, तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा दाढीवाला वकील, एकदा म्हणाला, "मदाम, तुम्ही फोनवर इतकं गोड बोलता की मलाच उदास व्हावंसं वाटतं." ती हसली नाही. तिला माहीत होतं हा गोडवा कुठून येतो. प्रशिक्षणात खोटे फोन यायचे. पलीकडच्या खोलीतून कमील म्हातारीचा आवाज काढायचा, जुमाना रडायची, आणि नंतर कागदावर शेरे मिळायचे. प्रशिक्षण संपल्यावर जुमानाने सांगितलं, आता परीक्षा संपली, आता येतील ते खरे फोन. नुहादने मान डोलावली आणि एक अक्षरही खरं मानलं नाही. परीक्षा संपली असं सांगून मगच घ्यायची खरी परीक्षा, हे तिने स्वतः शाळेत कितीदा केलं होतं.

आणि तिचा संशय बरोबर ठरला, कारण उन्हाळ्यात तो मुका फोन यायला लागला. नेहमी तिच्याच पाळीत. पलीकडे कुणी बोलायचं नाही, नुसता श्वास. मुक्या फोनला काय करायचं हे शिकवलेलं होतं. "मी सल्मा," ती म्हणायची. "बोलायलाच हवं असं नाही. मी इथे आहे. आपल्याला कसलीच घाई नाही." मग ती थांबायची, मग पुन्हा हळूच बोलायची, अगदी पुस्तकात छापावं तसं, कारण जुमाना ऐकतेय याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. बाहेर ऊन कसं आहे, खाली फळवाला काय ओरडतोय, असलं काहीबाही ती त्या शांततेला सांगत राहायची. "आज तुम्ही काही खाल्लंत की नाही कोण जाणे. माझ्यापुढे कॉफी आहे, थंड झालीय. तुम्ही आहात तोवर मी आहे." फोन खूप वेळाने ठेवला जायचा, अलगद. पहिल्यांदा तिला स्वतःचं कौतुक वाटलं. मग हा प्रकार पुन्हा पुन्हा व्हायला लागला तसा राग यायला लागला. पासष्टीला टेकलेल्या बाईची इतकी परीक्षा? गेल्या शुक्रवारी दोन फोन वाजत राहिले होते, कमील एकटा पुरा पडत नव्हता, आणि नुहादच्या कानाला पुन्हा तोच मुका श्वास लागला. तिचा तोल गेला. "हे बघ," ती म्हणाली, सल्माच्या नव्हे, नाझिराच्या आवाजात, "मला माहीत आहे तू कोण आहेस. पुरे झाला हा खेळ. खऱ्या माणसांसाठी लाइन मोकळी राहू दे." पलीकडून खटकन फोन बंद झाला. नुहादला वाटलं, बरं झालं, एकदाचं बोलून टाकलं. दिवसभर ती जुमानाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, पण जुमाना पक्की होती, तिने काही दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्या बरण्या आल्या.

मंगळवारी सकाळी शिकवणीला म्हणून निघण्याआधी टोपली पुन्हा उतरली. या वेळी इतकी जड, की दोर ताठला होता. आत धोंडा होता. वदादच्या आईचा, गावच्या नदीतून आणलेला, काळसर, गुळगुळीत, तळहाताच्या जागी किंचित झिजलेला. मीठ लावलेली वांगी फडक्यात गुंडाळून त्यावर हा धोंडा ठेवायचा, पाणी निथळू द्यायचं, मग आत अक्रोड आणि लाल मिरची भरून तेलात बुडवायची, की मक्दूस झालं. नुहाद दरवर्षी हे सगळं साध्या विटेखाली करायची. धोंडा एकदा मागितला होता, लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात. वदाद म्हणाली होती, तो या घराबाहेर जात नाही. घर एकच, फक्त मजले दोन, पण वदादच्या लेखी नुहादचा मजला बाहेरच होता.

"वेडी झालीस का?" नुहादने वर बघून विचारलं.

"आणि ऐक," वरून वदाद म्हणाली. तिचा आवाज हलका होता, जवळजवळ खेळकर. "भरून झाल्यावर बरणी ताटात पालथी घालतेस ना, ती एक रात्र नाही ठेवायची. दोन रात्री. मगच तेल. म्हणून तुझी बुरसतात."

नुहाद बघत राहिली. "तू मला एक रात्र सांगितलं होतंस."

"हो. मुद्दामच सांगितलं होतं."

"वदाद."

"जा गं, शिकवणीला उशीर होईल तुझ्या पोरांना."

धोंडा उचलून आत नेताना नुहादला जे वाटलं, त्याला तिने राग म्हटलं. तीस वर्षं! तीस वर्षं तिच्या बरण्या फेकायला लावल्या, पाहुण्यांसमोर वर मान करता आली नाही, आणि आता असं सहज, टोपलीतून पुदिना सोडावा तसं? आता हिला काय हवंय? रस्त्यात सामायिक टॅक्सीत, दोन अनोळखी माणसांच्या मध्ये दबून बसल्याबसल्या, ती तेच चघळत राहिली. जो देतो त्याला काहीतरी घ्यायचं असतं. वदाद माझ्याकडून काय घेणार आहे? मला गप्प करायचंय तिला. घराचं काहीतरी आहे. अनीसला आज सरळ विचारायचं. अनीस काय, न्हाव्याच्या दुकानात तावलीच्या पटावर फासे टाकत बसला असेल, फोनही उचलायचा नाही.

पाळी सुरू झाली. पहिला फोन एका तरुण माणसाचा आला. उत्तरेकडचा, ट्रिपोलीचा, हे नुहादला दुसऱ्याच शब्दाला कळलं आणि तिने ते कळलं नाही असं केलं. काम गेलं होतं, बायको माहेरी गेली होती. तो रडत नव्हता, हिशेबाने बोलत होता, आणि हिशेबाने बोलणाऱ्याकडे जास्त लक्ष द्यायचं असतं. सल्माने सरळ विचारलं, शिकवलं होतं तसं, शब्द न फिरवता, की तुम्ही जीव द्यायचा विचार करताय का. तो म्हणाला, हो. असं विचारल्याने कुणी मरत नाही, उलट माणसाला दार सापडतं, हे तिने पाठ केलं होतं आणि आता तिला ते पटलेलंही होतं. मग तिने पुढचा प्रश्न विचारला.

"तुम्ही तुमच्या वस्तू कुणाला देऊन टाकायला सुरुवात केलीय का? आवडत्या, जपलेल्या?"

"कॅनरी होता माझा," तो म्हणाला. "शेजाऱ्याला दिला काल. पिंजऱ्यासकट."

"का दिलात?"

"त्याचे हाल नकोत म्हणून. मागाहून."

नुहादचा हात टेबलावर होता आणि त्या हाताला अजून धोंड्याचा गारवा होता. प्रश्न तिच्याच तोंडून बाहेर पडला होता, आणि आता तो खोलीत उभा राहून तिच्याकडे बघत होता. बरण्या. धोंडा. दोन रात्री. जी बाई हिवाळ्याची साठवण करत नाही तिला हिवाळा दिसत नाही, एवढी साधी गोष्ट, आणि नाझिरा मदाम नुहाद, जिला पोरांच्या डोळ्यात खोटं दिसायचं, ती शनिवारपासून भाडेकरू शोधत होती. तिला उठायचं होतं. पायांनी चपला चाचपल्यासुद्धा. पण पलीकडे माणूस होता, आणि फोन आपण आधी ठेवायचा नाही. तिने कागदावर नंबर लिहून कमीलकडे सरकवला, लाव, माझी नणंद, लगेच. कमीलने लावला. कमीलने मान हलवली. पुन्हा लावला. पुन्हा मान हलवली. अनीसचा लावला. तोही लागेना. आता ठेव रे बाबा, ती त्या ट्रिपोलीच्या मुलाला मनात म्हणाली, आता ठेव, आणि म्हणताक्षणी तिला इतकी लाज वाटली की कान तापले.

"तुम्ही घाईत आहात का?" तो म्हणाला. या लोकांचे कान फार तिखट झालेले असतात.

"नाही," नुहाद म्हणाली. "कसलीच घाई नाही. कॅनरीचं नाव काय ठेवलं होतंत?"

नाव सांगताना तो रडला. मग त्याने थोरल्या भावाबद्दल सांगितलं, भाऊ जवळच राहतो, बोलणं नाही. दुसऱ्या फोनवरून त्याने भावाला बोलावलं, आणि भाऊ येईपर्यंत नुहाद त्याच्याबरोबर थांबली. दार वाजल्याचं, कुणीतरी मोठ्याने त्याचं नाव घेतल्याचं तिने ऐकलं. मग त्याने फोन ठेवला. तेव्हा ती उठली.

जुमाना दारातच होती. "मदाम नुहाद, तुमचा चेहरा..."

"मला घरी जायचंय. आणि एक सांग, ते मुके फोन तूच करायचीस ना? रागावणार नाही मी."

"कुठले मुके फोन?"

"माझी परीक्षा घ्यायला."

"आम्ही कधीच करत नाही तसं," जुमाना म्हणाली. "प्रशिक्षणानंतर कधीच नाही. सांगितलं होतं मी."

नुहादने तिच्या डोळ्यात बघितलं. मुलगी खरं बोलत होती. पहिल्या दिवसापासून खरंच बोलत होती.

सामायिक टॅक्सी सापडेना म्हणून तिने पूर्ण टॅक्सी केली आणि चालकावर दोनदा ओरडली. घराखाली लिफ्ट बंद होती. जिन्यावर अंधार होता, भिंतीला हात लावत ती चढली, स्वतःच्या मजल्यावर थांबली नाही. वदादच्या दाराला तिने लढाईच्या वर्षांतल्यासारखा कान लावला. आत नळ चालू होता. मग बंद झाला. पावलं आली. ती पावलं तिच्या ओळखीची होती, इतकी वर्षं डोक्यावर वाजत आलेली, आणि आज पहिल्यांदा ती ऐकून नुहादला रडू आलं.

वदादने दार उघडलं. नीट विंचरलेले केस, इस्त्रीचा झगा, जसं पाहुण्यांसाठी. तिच्या मागे स्वयंपाकघर लखलखीत होतं आणि फळ्या रिकाम्या होत्या.

"फोन का उचलत नाहीस?" नुहाद म्हणाली.

"ओट्याशी होते. तू शिकवणी सोडून आलीस?"

नुहादला सल्माचा आवाज हवा होता. तो आला नाही. जो आला तो धापा टाकणारा, कर्कश, रोजचा होता. "वदाद, तू जीव द्यायचा विचार करतेयस का?"

वदादने तिच्याकडे बघितलं. मग ती बाजूला झाली, आत येऊ दिलं, खुर्ची ओढून दिली आणि स्वतः समोर बसली.

"तिथे गोड विचारतेस," ती म्हणाली.

"कुठे?"

"सल्मा," वदाद म्हणाली. "काय नाव शोधलंस तरी. पहिल्यांदा लागला तो योगायोगच. मी तुझा आवाज ओळखला आणि माझी बोबडी वळली. ठेवणारच होते. पण तू म्हणालीस, घाई नाही. माझ्याशी असं कधी कुणी बोललं नव्हतं. तू तर नाहीच." ती थोडी हसली. "मग मी तुझे दिवस धरून करायला लागले. दुसऱ्या कुणी उचलला की ठेवून द्यायचे. वरून दिसतेस ना, मंगळवारी, शुक्रवारी, पर्स घेऊन निघालेली. तू कॉफी थंड झाली म्हणायचीस, मी इथे माझी पीत बसायचे. मग तू ओळखलंस."

"नाही ओळखलं," नुहाद म्हणाली.

"तूच म्हणालीस. मला माहीत आहे तू कोण आहेस. खऱ्या माणसांसाठी लाइन मोकळी राहू दे." वदादच्या आवाजात तक्रार नव्हती. "मला वाटलं, बरोबरच आहे."

"मला वाटलं, ती जुमाना आहे."

"कोण जुमाना?"

काय सांगणार? की एक पोरगी माझी परीक्षा घेतेय अशा संशयापायी मी तुझ्याशी गोड बोलले, आणि त्याच संशयापायी तुला हाकलून दिलं? नुहादने सांगितलं. सगळं, जसं होतं तसं, स्वतःला वाचवायला काही न ठेवता. शब्द अडखळत आले. ऐकताना वदादचा हात टेबलावरच्या न दिसणाऱ्या चुऱ्यावरून फिरत होता. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तो गोडवा माझ्यासाठी नव्हता."

"नव्हता," नुहाद म्हणाली. आज खोटं बोलायची तिची हिंमत नव्हती. "हे मात्र तुझ्यासाठी आहे. हे असं, जसं आहे तसं."

वदाद रडली नाही. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. हो म्हणाली. कधीपासून, ते सांगितलं. नुहादने पुढचे सगळे प्रश्न विचारले, नाझिराच्याच आवाजात, दुसरा जवळ नव्हता म्हणून, आणि वदादने एकेकाचं उत्तर दिलं, शाळेतल्या मुलीसारखं. शेवटी उठून तिने खणातून एक कागदी पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. नुहादने आत न बघता ती आपल्या पर्समध्ये टाकली, पर्स मांडीवर घेतली आणि पट्टा मनगटाला गुंडाळला.

"माझ्यावर विश्वास नाही तुझा," वदाद म्हणाली.

"नाही. मुळीच नाही. आज रात्री तू खाली झोपायचंस, जादच्या खोलीत. सकाळी जुमानाकडे जायचं, मी आणि तू. आणि वांगी इथेच करायची, तुझ्या ओट्यावर. तो धोंडा मी जिन्याने वर आणणार नाही, अनीस आणेल."

"तुझी तरीही बुरसतील," वदाद म्हणाली.

"बुरसू देत."

खाली रस्त्यावर जनरेटर सुरू झाला आणि दिवा लागला. त्या उजेडात वदादचं तोंड थकलेलं, म्हातारं दिसलं, आणि रिकाम्या फळ्यांवर बरण्यांचे गोल डाग दिसले. वदादने डोळे चोळले. "जा आता," ती म्हणाली. "अनीस आला असेल. भूक लागली असेल त्याला. मी येते मागाहून, झगा बदलून."

जा म्हणणं आणि मागाहून येते म्हणणं. नुहादने तिच्या डोळ्यात बघितलं. तिथे खरं होतं की खोटं, तिला कळेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळेना. तिने चपला काढून खुर्चीखाली सारल्या.

"बदल ना," ती म्हणाली. "मी बसलेय."